सासऱ्यांची ट्यूब

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या पाठीवर नायटा होता, आणि ही गोष्ट दोघांनाच माहीत होती. एक मी आणि दुसरा क्रांती चौकातला एक मेडिकलवाला. त्या मेडिकलवाल्यावर माझा राग अजून गेलेला नाही. मी कॉलर बाजूला करून त्याला मान दाखवली, तर त्यानं बघितलंसुद्धा नाही. फोनवर बोलता बोलताच मागं हात घालून एक ट्यूब काढली आणि म्हणाला, "लगाव, बिनधास्त लगाव." मी बिनधास्त लावली. दुसऱ्या दिवशी खाज गायब. ट्यूब थांबवली की नायटा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत हजर. असं करत करत तो मानेवरून पाठीवर आणि पाठीवरून कमरेवर उतरला, आणि मी त्या मेडिकलचं कायमचं गिऱ्हाईक झालो.

ज्याला कधी नायटा झाला नाही त्याला हे दुखणं सांगून कळत नाही. मी बँकेत काउंटरवर बसायचो. समोर गिऱ्हाईक असताना पाठ खाजवता येत नाही, म्हणून मी खुर्चीलाच पाठ घासायचो. खुर्ची करकरायची. लोकांना वाटायचं, साहेब तापलेत. तसा मी तापटच आहे, पण तेव्हा निम्मा राग नायट्याचा होता.

मुलगी पिशोरची. बघायला गेलो तेव्हा तिचे वडील माझ्या समोर बसले होते. घरी शेती चांगली, गावात वजन, आवाज असा की शेजारच्या वावरात ऐकू जावा. पण गृहस्थ सारखे चुळबुळ करत होते. मधेच उठायचे, दाराच्या चौकटीला कंबर टेकवायचे, जरा हलायचे, परत येऊन बसायचे. मला वाटलं, यांना मी पसंत नाही. इकडं मी माझी पाठ सोफ्यावर हळूच घासत होतो. मुलीनं चहा ठेवला आणि विचारलं, "पंखा वाढवू का? लई अस्वस्थ दिसताय." तिचा तो बेधडक प्रश्न मला इतका आवडला की चहा पिण्याआधीच माझा निर्णय झाला होता.

दोन्हीकडून होकार आला. तारीख निघाली. आणि मग रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला हळद आठवली.

हळदीला नवरदेवाला उघडं बसवतात. समोर आत्या, मामी, करवल्या, आणि मोबाइल घेऊन उभी असलेली सगळी भावंडं. त्यातलं कोणीतरी म्हणणार, "अगं बाई, हे काय पाठीवर?" आणि ती बातमी हळद वाळायच्या आत पिशोरला पोचणार. सोयरीक मोडायला आमच्याकडं याहून लहान कारणं पुरतात. आणि आता लपवण्यात काय अर्थ आहे, मला ती मुलगी हवी होती. ती गेली असती तर मी दुसरी बघितली नसती.

म्हणून शेवटी मी मुकाट्यानं दवाखान्यात गेलो. त्वचेच्या विभागात एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी माझी पाठ बघितली, मेडिकलची ट्यूब बघितली आणि मला असं काही झापलं की मी एवढासा झालो. त्या म्हणाल्या, "या ट्यूबनं खाज दबते आणि नायटा आत मजेत वाढतो. ही आधी बंद." बंद केल्यावर तर माझ्या पाठीवर जत्राच भरली. परत गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांचं नायट्यावर संशोधन चाललंय. एक नेहमीचं औषध आहे आणि एक नवं. दोन्ही सारख्याच पांढऱ्या ट्यूबांमध्ये भरलेली, वर फक्त नंबर. कोणाला कोणतं मिळालं हे पेशंटलाही माहीत नाही आणि त्यांनाही नाही. "येता का त्यात?" मी लगेच सही केली.

नियम सोपे होते. अंगाला दुसरं काहीही लावायचं नाही, तेल नाही, हळद नाही, कडुलिंबाचा पाला नाही. टॉवेल वेगळा. कपडे उन्हात वाळवायचे आणि इस्त्री करायची. आणि ट्यूब दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. ज्यानं जन्मात शर्टाला इस्त्री केली नव्हती, तो मी रोज बनियनला इस्त्री करायला लागलो. गारखेड्याच्या आमच्या घरात आई शेजारणीला कौतुकानं सांगायची, "लग्न ठरल्यापासून पोरगं लई टापटीप झालंय."

पहिल्या तपासणीला गेलो तर बाकावर माझ्या शेजारी एक माणूस डोक्याला आणि तोंडाला उपरणं गुंडाळून बसला होता. नुसते डोळे दिसत होते. उन्हाळा होता, मला काही वाटलं नाही. मग तो खोकला. तो आवाज मी ओळखला. त्यानंही माझ्याकडं बघितलं, आणि उपरण्याआडून माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचे डोळे मोठे झाले.

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. मी म्हणालो, "मामा, तुम्ही इकडं?"

"डोळे दाखवाया आलतो," मामा म्हणाले. "अन् तुम्ही?"

"मी पण डोळ्यांचंच."

पलीकडं बसलेल्या एका बाईनं न विचारता माहिती दिली, "डोळ्याचं खाली बघत्यात. हितं कातडीचं हाय."

आम्ही दोघांनीही तिचे आभार मानले आणि दोघंही जागचे हललो नाही. मामा समोरच्या भिंतीवरची पाटी वाचत राहिले, मी पंखा बघत राहिलो. तेवढ्यात आतला वॉर्डबॉय दारात आला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा ओरडला, "वो ट्यूबवाले नायटे कौन कौन हैं? अंदर आ जाव." मी उठलो. मामाही उठले. एकमेकांना बघून दोघंही खाली बसलो. वॉर्डबॉयनं आमच्याकडं बोट केलं. "ऐसा उठक-बैठक क्या कर रहे? तुम दोनोंच तो हैं."

तपासणी झाल्यावर मामांनी मला दंडाला धरून बाहेर आपल्या जीपमध्ये नेलं आणि काचा वर केल्या. मला वाटलं, झालं, आता मोडली सोयरीक. मामांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मग एकदम पडक्या आवाजात म्हणाले, "पाव्हणं, घरी सांगू नका. पोरीच्या बापाला खाज हाय म्हणून लग्न मोडलं तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

मला हसू आवरेना. एवढा मोठा माणूस ज्या भीतीनं तोंड झाकून बसला होता, तीच माझी भीती होती. मी म्हणालो, "मामा, मीच तुमच्या पाया पडणार होतो." त्या दिवशी आमचा करार झाला. माझं त्यांच्या घरी सांगायचं नाही, त्यांचं माझ्या घरी सांगायचं नाही. पुढच्या तपासणीपासून मामा मला गारखेड्याच्या कोपऱ्यावरून जीपमध्ये घ्यायला लागले. आई म्हणायची, सासरा लई जीव लावतो.

लग्न तोंडावर आलं तेव्हाची तपासणी. जीपमध्ये बसल्यावर मामा म्हणाले, "पाठ बघू तुमची."

"इथं?"

"मंग कुठं? मंडपात?"

मी शर्ट वर केला. मामांनी पाठ नीट न्याहाळली. मग त्यांनी स्वतःचा शर्ट वर करून कंबर दाखवली. लेंग्याच्या नाडीच्या जागेवर जिथं लालबुंद कडं होतं, तिथं आता फिकट खूण राहिली होती. माझ्या पाठीवर मात्र अजून पुरता नकाशा होता.

"ह्ये काय बरं झालं नाय," मामा म्हणाले. "चांगली ट्यूब मला अन् जावयाला भलतीच."

मी समजावलं, "मामा, ती चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटलेली असते. कोणाला काय येईल सांगता येत नाही. त्यालाच संशोधन म्हणतात."

"मला संशोधन-बिंशोधन कळत नाय. एका पंगतीत बसवायचं, एकाला तूप अन् दुसऱ्याला कोरडं, असं आमच्यात करीत नसतेत. त्यात तुम्ही जावई."

मला जरा रागच आला. म्हणालो, "मामा, मॅडमनी काय सांगितलंय? ट्यूब कोणाला द्यायची नाही. उद्या तुमच्या बियाण्याच्या प्लॉटात मी दुसरंच बी टाकलं तर चालंल का?" मामांनी मान हलवली. नाय चालायचं, म्हणाले. मग म्हणाले, डोकं दुखतंय, जरा चहा सांगून या. मी उतरलो. माझी पिशवी सीटवरच होती.

आणि खरंच, त्यानंतर माझी पाठ भराभर निवळायला लागली. मी आरशाकडं पाठ करून, मान मोडेपर्यंत वळून बघायचो. कडा गेल्या, लाली गेली, रात्री झोप लागायला लागली. हळदीच्या दिवशी पाठ स्वच्छ होती. आता अब्रूची भीती नव्हती, पण नियम होता. मी जाहीर केलं की हळद फक्त तोंडाला आणि हातापायाला, बनियन निघणार नाही. आत्या म्हणाली, "लाजतंय." मग चार जणींनी मिळून बनियन ओढलं, मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि ते मधोमध फाटलं. एवढ्या निगुतीनं इस्त्री केलेलं बनियन. आत्यानं पाठीवर हळद थापली आणि म्हणाली, "केवढी नितळ पाठ आहे याची." माझ्या पाठीचं कोणी कौतुक केल्याची ती पहिलीच वेळ. मला भरून आलं. पण मी तसाच मोरीकडं पळालो आणि सगळी हळद धुऊन काढली. त्यावर घरात अजून चर्चा होते.

दुसऱ्या दिवशी पिशोरला वरात निघाली. मुलीचा बाप वरातीत हात जोडून उभा असतो, सगळ्यांचं बघत असतो. पण मामा बँड सुरू झाल्याबरोबर मधे आले आणि नाचायला लागले. दोन्ही हात कमरेवर घट्ट, कंबर डावीकडं, कंबर उजवीकडं, मधेच बँडच्या गाडीला टेकून खालीवर. घामानं शर्ट चिकटला तरी थांबेनात. बँडवाला खूश होऊन तेच गाणं परत परत वाजवत होता. गावातली पोरं त्यांच्या मागं तसंच नाचायला लागली. मी घोड्यावरून बघत होतो आणि मला फार अभिमान वाटत होता. असा हौशी सासरा कोणाला मिळतो? बायकोनं नंतर सांगितलं की तिनं वडिलांना त्याआधी कधीच नाचताना बघितलं नव्हतं.

लग्नानंतरच्या तपासणीला आम्ही दोघं गेलो. मॅडमनी माझी पाठ बघितली, खूश झाल्या. मामांनी शर्ट वर केला तर कमरेला लालबुंद पट्टा, पहिल्यापेक्षा रुंद. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. दोघांच्या ट्यूबा हातात घेऊन त्यांनी वरचे नंबर वाचले, मग परत वाचले.

"तुमची ट्यूब यांच्याकडं कशी? आणि यांची तुमच्याकडं?"

मी मामांकडं बघितलं. मामा छताकडं बघत होते.

"जावई हाय माझा," ते म्हणाले. "त्याचं लगीन होतं, मॅडम. माझ्या कमरेकडं कोण बघणार होतं?"

तेव्हा मला वरात आठवली. तो नाच नव्हताच. भर वरातीत तो माणूस खाजेनं बेजार झाला होता, आणि मी घोड्यावर बसून त्याचं कौतुक करत होतो. मला तिथंच रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उलट मामांवरच चिडलो. "काय गरज होती?" असं काहीतरी ओरडलो. मॅडम त्याहून मोठ्यानं ओरडल्या. आम्ही दोघंही त्यांच्या संशोधनातून बाद झालो. पण बाईंचं मन मोठं. त्यांनी मामांना गोळ्या दिल्या, दोघांना नीट उपचार सांगितले आणि काही महिन्यांत मामांची कंबर कायमची बरी झाली.

पुढं माझ्या मुलाला घामोळं आलं म्हणून मी त्याच दवाखान्यात गेलो. मॅडम आता तिथं मोठ्या डॉक्टर झाल्या होत्या. मला बघताच हसायला लागल्या. म्हणाल्या, "बरं झालं आलात. संशोधन संपल्यावर सगळे नंबर उघडले, कोणत्यात कोणतं औषध ते कळलं, तेव्हा तुम्हा दोघांचे मी मुद्दाम बघितले. दोन्ही ट्यूबांमध्ये एकच औषध होतं, नेहमीचं."

मी विचारलं, मग माझं त्यांच्या ट्यूबनं कसं बरं झालं?

"तुमच्या ट्यूबनंही झालंच असतं. मेडिकलचं मलम फासफासून तुम्ही नायटा बिघडवला होता, म्हणून तुम्हाला वेळ लागला. आणि तुमच्या सासऱ्यांनी बदललेली ट्यूब निकामी समजून लावलीच नसणार. कमरेचं परत उसळलं ते त्यामुळं."

म्हणजे सगळं फुकट. मी त्या रविवारी पिशोरला गेलो तो मामांना हे सांगायचं ठरवूनच. मला खोटं मनात ठेवून बसता येत नाही, जीव कासावीस होतो. जेवायला बसलो. मामांनी माझ्या भाकरीवर सगळ्यांआधी तूप सोडलं, पुरे म्हणेपर्यंत सोडलं, पुरे म्हटल्यावरही सोडलं. शेजारी पाहुणे बसले होते. त्यांना मामा नेहमीचीच गोष्ट सांगत होते, "चांगली ट्यूब जावयाला देऊन टाकली. आपलं काय, आपण नाचून काढलं." पाहुणे हसले. मामा माझ्याकडं वळले आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "पाठीला परत काय नाय ना?"

मी घास गिळला.

"नाय, मामा," मी म्हणालो. "तुमच्या ट्यूबीनं पार गेलं."