सुजाता मॅडमचे बांध

सुजाता मॅडम कॉम्प्युटरवरची ओळ मोठ्यानं वाचायच्या, आन मधी स्वल्पविराम आला की काचंवर नखानं टक करून म्हणायच्या, "बांध!" नव्वद सालानंतरचं दिस ते. बारामतीत कॉम्प्युटर बघायला माणसं क्लासच्या खिडकीत उभी ऱ्हायची. मॅडम आत शिकवायच्या, मी झाडलोट करायचो. पयल्याच आठवड्यात ते स्वल्पविराम मला माश्यांची घाण वाटली. ओलं फडकं घिऊन घासत बसलो.

मॅडम हसल्या न्हाईत. "नामदेवराव, बांध कुणी पुसतं व्हय? बांध बघूनच मशीन ओळ तोडतंय. नाव एका खणात, बापाचं नाव दुसऱ्या, गाव तिसऱ्या, काम चौथ्या." लई शिकल्या, पण बोली आपल्या गावची, कऱ्हाटीचीच ठिवली. माझ्यासारख्या अंगठाबहाद्दरालाबी 'राव' म्हणायच्या. आधी मला वाटायचं, माझ्या मागं कुणी दुसराच उभा हाय.

पुढं क्लासातल्या सगळ्यांची ओळखपत्रं त्याच मशीनवर छापायची ठरली. माझं कार्ड निघालं: नाव नामदेव, बापाचं नाव मोरगाव, गाव शिपाई, काम रिकामं. सगळ्यांच्या आधी मीच हसलो. म्हणलं, "काम तेवढं बरोबर छापलंय!"

तान्हा असताना मला कुणीतरी मोरगावच्या यष्टी स्टँडवर सोडलं. तिथल्या चहावालीनं वाढवलं. बाप कोण, तिला ठावं न्हाय, मला न्हाय. म्हणून माझ्या ओळीत नावापुढं दोन बांध एकाला एक चिकटून, मधी काय न्हाय. मशीननं दोन्हीचा एकच बांध धरला, आन गाव सरकून बापाच्या खणात जाऊन बसलं.

हापिसातलं तात्या म्हणलं, "टाका की कायबी नाव. मारुती टाका. कोण इचारतंय?"

मीबी म्हणलं, "टाका मॅडम. फकस्त मारुती ब्रह्मचारी हाय, त्येची तेवढी परवानगी घ्या."

मॅडमचा आवाज बारीक झाला. "चूक माझ्या प्रोग्रामची, तात्या, आन बाप ह्यांनी बदलायचा? मधी काय नसलं तरी खण हाय. त्यो गाळायचा न्हाय."

जेवणाचा डबा तसाच ठिवून त्यांनी प्रोग्राम बदलला. नवं कार्ड निघालं. बापाच्या नावापुढं कोरी जागा, खाली गाव मोरगाव, काम शिपाई. तात्या म्हणलं, "हितं राह्यलंय." मॅडम म्हणल्या, "राह्यलं न्हाय, तसंच हाय." ते कार्ड मी फडक्यानं पुसून खिशात ठिवलं.

त्यानंतर मॅडम काविळीनं गेल्या. जायाचं वय नव्हतं. कऱ्हाटीला त्येंच्या घरी गेलो तवा बुद्धवंदना चालली व्हती. मी दाराशी चपलांपाशी थांबलो. मनात म्हणलं, शिपायाची जागा हितंच. मॅडमच्या वडलांनी, आबांनी, बघितलं. हळूच इचारलं, "तुमी आमच्या सुजाताचं कोण?"

'कुणाचं कोण' म्हणून कुणी इचारलं की जन्मभर मी टवाळकीच केली. तवा शब्द फुटंना. आबांनी वाट बघितली. पुन्हा इचारलं न्हाय. सतरंजीवर जरा सरकलं, आन मोकळ्या झालेल्या जागंवर हात ठिवून म्हणलं, "या. हितं बसा."