शेंग धरेपर्यंत

“चला, निघतो,” हे तो आल्याआल्याच म्हणायचा. बोटाभोवती गाडीची किल्ली फिरत असायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण सहा वर्षांत पाच भाड्याची घरं बदललेला मी तरी एकच पाहिला. मूळचा नागपूरचा, आमच्या ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर.

२००४ च्या एप्रिलमध्ये तो टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या आमच्या घरी बोराएवढ्या तीन तपकिरी बिया घेऊन आला. इथल्याच एका शेतीच्या प्राध्यापकाने दिलेल्या.

“मरामा, दादा. कलहारी वाळवंटातली रानशेंग. बोत्स्वानात प्रोजेक्टवर होतो, तेव्हा तिथल्या बायका गरम वाळूत भाजून द्यायच्या. काजूच समजा. तेल निघतं, पीठ होतं, खालचा कंदही खातात. तुमचं घर स्वतःचं, म्हणून तुमच्याकडे लावतो.”

आमची माती काळी, चिकट. त्याने वाळूच्या बारा गोण्या आणून अंगणाचा मागचा कोपरा भरला. पाण्याने कंद कुजतो म्हणून मी तिथला स्प्रिंकलर बंद केला. तिन्ही बिया उगवल्या.

त्याच्या बायकोला पुन्हा खोकी बांधायची नव्हती. मुलीची तिसरी शाळा चालू होती. “घर कधी घ्यायचं?” तिने आमच्यासमोरच विचारलं.

“ह्याला फूल येऊ दे. दोन-तीन वर्षं फक्त. मग घर. प्रॉमिस.”

“दादा, तुम्ही साक्षीदार. ह्यांच्यापेक्षा तो वेल लवकर रुजेल बघा.”

पण त्याला धीर कुठला? दर पंधरवड्याला खुरपं घेऊन हजर. “बघू तरी यार, कंद धरलाय का!” पहिल्या वर्षी एक वेल ह्या उकराउकरीत गेला, दुसऱ्या वर्षी दुसरा. तिसऱ्याभोवती मी जाळी ठोकली. हिवाळ्यात तो वरून वाळायचा, एप्रिलात पुन्हा फुटायचा. दर रविवारी मी टेप लावून माप वहीत लिहायचो. २००६ च्या जूनमध्ये तीन मीटर दहा सेंटिमीटर भरला आणि पिवळी फुलं आली. सात.

त्याची बायको मुलीला घेऊन बघायला आली. “आलं फूल,” एवढंच म्हणाली.

“आता शेंग धरू दे,” तो म्हणाला.

“शेंगेचं ठरलं नव्हतं.”

शेंग धरलीच नाही. त्याने प्राध्यापकाला फोन केला. मरामाच्या वेलांत फुलांचे दोन प्रकार असतात; एका प्रकारचे पराग दुसऱ्याला मिळाले तरच शेंग धरते. एकटा वेल नुसता फुलतो.

“म्हणजे ते दोन असते तर...” तो म्हणाला. किल्ली खिशात होती. त्या मेलेल्या दोन वेलांची मापंही माझ्या वहीत होती. मी काढली नाहीत.

ऑगस्टमध्ये त्याने फीनिक्सचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं. “सहाच महिने, दादा.” ती गेली नाही. आमच्यापासून चार मैलांवर तिने घर पक्कं केलं. घराच्या कागदांवर त्याच्या सह्या फॅक्सने आल्या.

ऑक्टोबरात, सामान हलवायच्या दिवशी, ती फावडं घेऊन आमच्या दारात उभी.

“त्याने सांगितलं का वेल न्यायला?” मी विचारलं.

“नाही. मीच नेते.”

आम्ही दोन तास खणलं. बाथरूमच्या वजनकाट्यावर कंद साडेसात किलो भरला. गाडीचा मागचा भाग खोक्यांनी भरलेला, म्हणून तिने तो पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी ठेवला. गाडी सुरू करताच सीटबेल्टची घंटी वाजायला लागली. गाडीला वाटलं, माणूस बसलाय.

तिने वाकून कंदाला पट्टा लावला. घंटी थांबली. तिने हात थोडा वेळ तिथेच ठेवला आणि मग गाडी काढली.