फासे सोडण्याआधीचं उभं राहणं

माणसाने उभं कसं राहावं हे अख्ख्या अमेरिकेत एकाच गृहस्थांना कळतं आणि ते माझ्या मेव्हण्याचे सासरे आहेत. मेव्हणा असतो तिकडे पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला आणि सासरे इकडे पूर्व किनाऱ्यावर पार्सिपनीत, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. त्यामुळे नात्याने लांबचे असूनही ते माझ्याच वाट्याला आले. आम्ही त्यांना काका म्हणतो. आयुष्यभर त्यांनी यंत्रांचे सुटे भाग डिझाइन केले आणि रिटायर झाल्यावर लोक भजनाला किंवा गोल्फला लागतात तसे ते फाशांना लागले. कसिनोत क्रॅप्सचं एक लांबलचक टेबल असतं. एका टोकाला उभं राहून दोन फासे टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीला लागतील असे फेकायचे. एकदा डाव रंगला की बेरीज सात येईपर्यंत फासे तुमच्याकडे. सात आला की पुढच्याकडे. लोक याला नशीब म्हणतात. काका याला कारागिरी म्हणतात.

बेसमेंटमध्ये त्यांनी प्लायवूडचं तसंच टेबल बनवलं होतं, वर हिरवं कापड, टोकाच्या भिंतीला रबराचे उंचवटे. मला पहिल्यांदा खाली नेलं तेव्हा फासे हातात देण्याआधी पाऊण तास नुसतं उभं केलं. पायांत खांद्यांइतकं अंतर, वजन पुढच्या पायावर, पोट टेबलाच्या कठड्याला टेकलेलं, कोपर बरगडीजवळ, श्वास अर्धा सोडलेला. "फासे फेकायचे नसतात, सोडायचे असतात," ते म्हणाले. तीन बोटांच्या चिमटीत दोन्ही फासे जोडीने धरायचे, हात लोलकासारखा खालून वर न्यायचा, आणि दोन्ही फाशांनी बरोबरीने उलट्या गिरक्या घेत जाऊन भिंतीला जेमतेम टेकून गप्प बसायचं. त्यांची मुलगी कॉलेजात गणित शिकवते. ती फोनवर दर वेळी सांगायची, "बाबा, इट्स रँडम." काका फोन ठेवून मला म्हणायचे, "तिने मला फेकताना पाहिलंय कुठे?"

ही सवय बेसमेंटपुरती राहिली असती तर गोष्ट वेगळी. एडिसनला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळे जण अक्षता उधळत होते आणि काका मात्र तिसऱ्या रांगेत पाय रोवून, कोपर आवळून, नेम धरून एकेक चिमूट सोडत होते. प्रत्येक चिमूट नवरदेवाच्या उजव्या कानात. तो बिचारा चौथ्या मंगलाष्टकापर्यंत मान वाकडी करून उभा होता.

महिन्यातून एका मंगळवारी मी घरून काम करतो असं ऑफिसात सांगून त्यांना अटलांटिक सिटीला न्यायचो. सकाळी टेबलं रिकामी असतात. काका सगळ्यात लहान बाजी लावायचे आणि जिंकले की जरा ओशाळायचे, जणू कोणी आपल्याला लाच दिली आहे. काकूंना हे काडीचंही पसंत नव्हतं. "शिकलासवरला माणूस जुगारी झाला," एवढंच म्हणायच्या, आणि कपडे धुवायला बेसमेंटमध्ये उतरल्या तरी टेबलाकडे पाठ करून उभ्या राहायच्या.

गेल्या हिवाळ्यात काकांचे फासे हवेतच एकमेकांपासून वेगळे व्हायला लागले. काकांनी आधी टेबलाला दोष दिला. लेव्हल लावून पाहिली, टेबलाच्या पायांखाली पुठ्ठे सारले, कापड बदललं. एका रविवारी मी चहाला गेलो असताना त्यांच्या हातातली कपबशी किणकिणत होती. मी पाहतोय हे त्यांना कळलं आणि त्यांनी चहा न पिताच कप खाली ठेवला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. वयानुसार काहींचे हात थरथरतात, गोळ्यांनी थोडं कमी होईल. त्या दिवसापासून काका बेसमेंटमध्ये उतरले नाहीत. टीव्हीसमोर बसायचे आणि उजवा हात मांडीखाली ठेवायचे.

महिन्याभराने काकूंनी मला फोन केला. "जरा ये. मला ते टेबल शिकायचंय आणि हे ऐकत नाहीयेत."

मी गेलो तेव्हा काकू खाली कठड्याशी फासे घेऊन उभ्या होत्या. काका जिन्यावरच थांबले होते.

"तुला आवडत नाही ना?" ते म्हणाले.

"आवडत नाहीच. पण तुम्ही दिवसभर वर बसलेलेही मला आवडत नाही. पाय कुठे ठेवू, ते सांगा."

काका एकेक पायरी उतरून आले, काकूंच्या मागे उभे राहिले आणि थरथरत्या हाताने त्यांचं कोपर बरगडीपाशी आणलं. त्या दिवशी काकूंनाही पाऊण तास फासे सोडायला मिळाले नाहीत.

एप्रिलमध्ये आम्ही तिघं अटलांटिक सिटीला गेलो. टेबलावर फासे काकांसमोर आले तेव्हा त्यांनी मान हलवून ते काकूंकडे सरकवायला सांगितलं. काकू साडी सावरत उभ्या राहिल्या, अर्धा श्वास सोडला आणि फासे सोडले. ते जोडीने गेले, जोडीने टेकले. तशाच पाच फेकी झाल्या. सहाव्याला सात आला. काकूंनी चूक विचारायला काकांकडे पाहिलं, तर ते अजून भिंतीपाशी पडलेल्या फाशांकडेच पाहत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

नंतर समुद्रासमोरच्या बाकावर बसलो. काकूंनी कॉफीच्या कपाला स्वतःचा हात लावून काकांना घोट घेऊ दिला.

"हिचं कोपर अजून थोडं बाहेर जातं," काका मला म्हणाले. "पुढच्या मंगळवारी जमेल का तुला?"

त्या मंगळवारी माझी मोठी मीटिंग होती. मी म्हटलं, "जमेल की."