साहेबांसाठी कापलेलं गवत

जीपमधून उतरले आणि आधी वाटलं, जागा चुकली. काल संध्याकाळी जिथे कमरेएवढं गवत होतं, तिथे आज सडा घातलेलं अंगण होतं. मधोमध मांडव आणि खुर्च्या.

मी पक्ष्यांचा सर्व्हे करते. साक्रीकडच्या या पठारावर सोलर प्रोजेक्ट येणार होता. कागदोपत्री जमीन पडीक. पण हिवाळ्यात इथे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात. ते झाडावर झोपत नाहीत, उंच गवतात जमिनीवरच झोपतात. त्या जागेला रातथारा म्हणतात. हिवाळाभर पठार तुडवलं तेव्हा कुठे तो सापडला. कंपनीचे साहेब म्हणाले होते, "मॅडम, एकदा डोळ्यांनी दाखवा. तेवढा तुकडा सोडतो." म्हणून ते आज येणार होते. उद्या सर्व्हेची मुदत संपत होती.

गावचे माजी सरपंच, नाना, हसत पुढे आले.

"ताई, पक्षी गवतमा लपतस. साहेबले कसा दिसतीन? म्हनीसन बठ्ठं कापी टाकं."

"नाना, मी म्हटलं होतं ना, ते गवतातच झोपतात म्हणून?"

"तेच तं! आते चांगला दिसतीन."

यांच्यावर काय चिडायचं! साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे शाळा रंगवतात, खड्डे बुजवतात. त्यात नानांनी माझ्यासाठी ट्रॅक्टर लावून पदरचं डिझेल जाळलेलं. पण आतून नुसती आग होत होती.

साहेब आले. शाल-श्रीफळ झालं, चहा झाला. सूर्य टेकला तसे भोवत्या पक्षी आले. अगदी खाली उतरून त्यांनी घिरट्या घातल्या, पुन्हा पुन्हा. मग उंच उठले आणि डोंगरापलीकडे गेले.

"बसले नाहीत," साहेब म्हणाले.

"काल बसले होते, सर. गवत होतं तेव्हा. फोटो आहेत."

त्यांनी मोबाइलवर फोटो पाहिला. "अंधारात ठिपके दिसतायत नुसते. वर काय दाखवू मी?"

"गवत वाढू द्या. पुढच्या हिवाळ्यात परत बघू."

"मॅडम, पुढच्या हिवाळ्यात इथे पॅनल असतील." नानांच्या पाहुणचाराचं कौतुक करून ते गाडीत बसले.

"उतरनात नहीत का ताई?" नानांनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला होता. मी नाही म्हटलं.

आज तिथे पॅनल आहेत. भोवत्या कुठे झोपतात, मला माहीत नाही.

आता साइट दाखवायला कुणालाही नेलं तरी गावात सांगते, माझा मामेभाऊ आहे. मामेभावासाठी कुणी गवत कापत नाही.