तीन लहान, एक मोठी

नववीच्या पेपरात मी विचारलं होतं, क्लोरीनच्या अणूचं वस्तुमान किती? उत्तर ३५.५. गोंडपिपरीकडच्या त्या शाळेत मी वर्षानुवर्षं तेच शिकवत होतो. एका मुलीने लिहिलं, 'एवढ्या वजनाचा एकही अणू नसतो.' मी दोन गुण कापले आणि भर वर्गात विचारलं, "पुस्तकापेक्षा तुले जास्त समजते का?"

तिची आई तलावातली मासोळी आठवडी बाजारात विकायची.

"पुस्तकातच हाय, सर, खाली बारीक अक्षरात," ती म्हणाली. "क्लोरीनचे काही अणू ३५चे, काही ३७चे. आई वाटा लावते ना, तीन लहान मासोळ्या अन् एक मोठी, तसंच. कोनताबी वाटा घ्या, वजन सारखंच. पन त्याचा चौथा हिस्सा भरंल अशी मासोळी टोपल्यात नाई."

वर्ग हसला. "खाली बस, बाजार घरी ठेव," मी म्हणालो, "इथी शाळा आहे."

घरी जाऊन ते बारीक अक्षर मी पहिल्यांदा नीट वाचलं. मीठ समुद्राचं असो की खाणीतलं, त्यातल्या क्लोरीनमध्ये ३५च्या तीन अणूंमागे ३७चा साधारण एक. तिचं बरोबर होतं. गुण मात्र मी दिले नाहीत. पुढच्या वर्षी फळ्यावर मासोळ्यांचे वाटे काढले, आणि समस्थानिकांचा धडा मुलांना प्रथमच समजला. तालुक्याच्या शिक्षक मेळाव्यात त्याबद्दल शाल-श्रीफळ मिळालं. कसं सुचलं, असं कुणी विचारलं तेव्हा म्हणालो, "विचार करता करता."

निवृत्तीनंतर एकदा बाजारात तिच्या आईसमोर बसलो आणि हे सगळं सांगितलं. बाई वाटे लावतच होती.

"मालूम हाय, सर. तिच्या लहान बहिनीच्या वहीत आमचेच वाटे निंघाले. लय हासलो आमी. पोरगी म्हने, सरनं मले बसवलं, पन मासोळी फळ्यावर चढवली."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"पोरायले समजून राह्यलं होतं ना. मंग काऊन बोलाचं?"

ती मुलगी आता स्वतः रसायनशास्त्र शिकवते. मी तिला पत्र लिहिलं, आणि शाळेलाही लेखी कळवलं: नववीतलं तिचं उत्तर बरोबर होतं, वाट्यांची कल्पना त्या मायलेकींची आहे. माझ्या हातून जे थोडंफार चांगलं शिकवून झालं, ते त्यांनी गप्प राहून मला शिकवू दिलं म्हणून.