काकासाहेबांनी ताणावर धरलेली बोगनवेल

जालना एमआयडीसीच्या अलीकडं आमची कॉलनी. तिच्यात मोकळी माती म्हणाल तर कंपाउंडच्या कडेची एक पट्टी. तिच्यावर पेव्हर ब्लॉक टाकून मोटारी लावायच्या, हे कमिटीचं जुनं स्वप्न. गेल्या पावसाळ्यात सभेत मी त्यावरून भांडलो, तेव्हा बँकेतून रिटायर झालेले अध्यक्ष भालचंद्रराव शांतपणे म्हणाले, "बरं. वैशाखात या पट्टीवर फुलं दाखवा. नाही दिसली तर ब्लॉक."

वैशाखात माणूस सावलीत करपतो, तिथं फुलं मागायची. सभ्य लोकांची 'नाही' म्हणायची ही पद्धत मी पुष्कळ कचेऱ्यांत पाहिली आहे.

काकासाहेबांनी मात्र ते खरं धरलं. काकासाहेब म्हणजे भोकरदनकडचे मोसंबीवाले. वय झालं म्हणून मुलानं, कल्याणनं, शेत वाट्यानं देऊन त्यांना इथं तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलेलं. मातीतल्या माणसाला टाइल्सवर आणलं की तो काय करणार? गॅलरीतून खाली थुंकायचे आणि साऱ्या कॉलनीची बोलणी खायचे. पट्टी हाती आली आणि थुंकणं बंद झालं. त्यांना ती किती हवी होती ते यावरून ओळखा.

त्यांनी बोगनवेल लावली, कण्हेर लावली. अध्यक्षांच्या पत्नी शैलाताईंनी मोठ्या मनानं आपली जास्वंद दिली. हिवाळ्यात सगळं हिरवंगार झालं. आणि फाल्गुन लागताच काकासाहेबांनी पाणी तोडलं.

मोसंबीवाल्यांची ही रीतच आहे. बहार धरायचा तर आधी बागेचं पाणी बंद करायचं. झाड तहानेनं कासावीस झालं, पानं गाळायला लागलं, की हलकं पाणी द्यायचं. मग झाड फुलतं. याला ताण देणं म्हणतात. पण आमची कॉलनी पडली दयाळू. नळाला रोज पाणी नसलं तरी दया रोज येते. लोक पहाटे गुपचूप तांब्या घेऊन पट्टीवर. शेवटी काकासाहेबांनी बाभळीचे काटे लावून पट्टी बंद केली.

"काका, झाडं मरतायत हो," शैलाताई म्हणाल्या.

"मरून न्हाई राह्यली, बाई. रुसून राह्यली. रुसल्याबिगर फुलत न्हाईत ती."

"आणि माझी जास्वंद?"

"ती बी रुसली."

जास्वंद रुसली नव्हती, मेली होती. तिला ताण सोसत नाही, हे काकासाहेबांना मोसंबीनं कधी शिकवलंच नव्हतं. मी तोंडावर सांगितलं तर म्हणाले, "तिचा सभावच नाजूक. माझी काय चूक?"

चैत्रात त्यांनी हलकं पाणी दिलं. वैशाखात बोगनवेलीवर पान दिसेना, नुसता राणी रंग. एमआयडीसीत ड्यूटीला निघालेले लोक गाडी थांबवून फोटो काढायला लागले. लगेच कमिटीनं सत्कार ठरवला. भालचंद्ररावांनी भाषण केलं, कमिटीच्या दूरदृष्टीचं. काकासाहेबांना शाल दिली, नारळ दिला आणि रिबीन बांधलेला, काठोकाठ भरलेला तांब्या हातात दिला.

"घाला काका, पहिला तांब्या तुमचा. आजपासून रोज एका घराची पाळी."

मागं बायामाणसांची रांग, प्रत्येकाच्या हातात तांब्या. काकासाहेबांचा चेहरा उतरला. रोज एवढं पाणी बसलं की बोगनवेल फुलं टाकून नुसता पाला धरणार, आणि फुलं नाहीत म्हणून पुन्हा ब्लॉक. मी बोलायला उठलोच होतो, तेवढ्यात त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला.

"काका, ते झाडाला होतं," भालचंद्रराव म्हणाले.

"झाडाला तहान चालती. मला न्हाई चालत." त्यांनी शालीला तोंड पुसलं आणि सत्काराची खुर्ची काट्यांपुढं ओढून बसले. "आणा बाकीचे तांबे बी. पेऊन टाकतो समदे."

रांग हसत सुटली. अध्यक्षांनाही हसावं लागलं, आणि रोजच्या पाळीचा विषय तिथंच बारगळला. फुलं समोर होती, ब्लॉकचं नाव काढायची सोय उरली नव्हती.

फक्त शैलाताई हलल्या नाहीत. "प्या, काका. तुमचं पोट भरलं की सांगा. माझी जास्वंद तहानेनंच गेली."

काकासाहेबांनी खाली पाहिलं. म्हणाले, "तांब्या ठिवा इथं. नवी आणतो. तिला बराबर पाणी घालीन."

"घालणार मी," शैलाताई म्हणाल्या, आणि तांब्या घेऊन घरी गेल्या.