सोमलिंग उस्तादाचं गुप्त औषध

सोमलिंग उस्ताद सोलापूरच्या एका गिरणीच्या सायकल संघाचा मालीशवाला. स्वतःला सायकल धड चालवता येत नव्हती, पण ऐट अशी, की जणू सगळ्या शर्यती यानंच मारल्यात! बार्शी-सोलापूर शर्यतीत वाटेत उभा राहून तो गिरणीच्या गड्यांना एकेक बाटली द्यायचा. आत काय आहे विचारलं, की डोळा मिचकावायचा. "गुप्त औषध हाय. पाजलं तर लंगडं घोडंबी पळतंय!" या डोळा मिचकावण्यावर त्याला टपरीवर फुकट चहा मिळायचा.

आत काय, तर हुलग्याचं माडगं! त्याची बायको चंद्रव्वा हुलग्याचं पीठ आणि गूळ घालून पहाटे शिजवायची.

चौऱ्याहत्तर साली गिरणीचा हणमंत पहिला आला, आणि हरलेल्या साखर कारखान्याच्या संघानं बोंब ठोकली. "ह्यांनी नशेचं औषध पाजलंय! उस्ताद सोताच गावभर सांगतोय की!"

घ्या! पंचांनी निकाल रोखला. हणमंत बिचारा बदली कामगार. पहिला आलास तर कायम करतो, असा मॅनेजरनं शब्द दिलेला.

"बाटलीत काय होतं?" पंचांनी विचारलं.

सोमलिंगाच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर उस्तादकी बुडते, गप्प बसावं तर पोराची नोकरी जाते. हणमंत रडकुंडीला आला होता. ते बघून सोमलिंगाला भडभडून आलं.

"माडगं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोला!"

"हुलग्याचं माडगं हो! बायकोनं केल्यालं!"

मैदानभर हशा पिकला. पंचांनी उरलेली बाटली तोंडाला लावली, दणदणीत ढेकर दिला आणि हणमंतला विजयी ठरवलं. महिन्याभरात हणमंत गिरणीत कायम झाला. सोमलिंगाला गल्लीतली पोरं 'माडगंमामा' म्हणायला लागली. म्हणू देत मेल्यांना, पोराचं तर भलं झालं, असं तो चंद्रव्वाला सांगायचा.

पुढच्या हंगामात मालीशला एक गडी फिरकेना. शेवटी सोमलिंग स्वतःच हणमंतच्या घरी गेला. हणमंत कुणा कंपाउंडरनं दिलेली गोळ्यांची पुडी सोडत बसला होता.

"कसल्या रं गोळ्या?"

"कुणास ठाव. त्यो सांगतच न्हाय," हणमंत खुशीत म्हणाला. "म्हंजे जोराच्याच असणार की! रागावू नका उस्ताद, पर माडगं तर माझी आईबी करती."